किनगावच्या अलीकडे

आधी खोकल्यासारखं काहीतरी,
मग मूठ कितीही पिळा, खाली कुणीच नाही,
आणि मग फक्त टायरचा आवाज
आणि दोन्ही अंगांना केळीची पानं.

रोज नाही. रोज झालं असतं तर सोपं होतं.
सोमवारी चोपड्याहून निघालो, यावलपर्यंत बिनतक्रार.
मंगळवारी धानोरा सुटलं आणि गेली.
गुरुवारी टाकी फुल्ल केली, म्हटलं आज बघतोच,
तर अडावदलाच.

मागे बांधलेल्या थर्माकोलच्या डब्यात
अकरा जणांचं रक्त,
नावं चिकटवलेल्या नळ्यांमधून.
बर्फाला काय, तो वितळत राहतो.

युनूस पिंजारीच्या गॅरेजात मात्र
साहेब तपासणीला आल्यावर शाळा बसते
तशी ती बसते, एकसुरात पाढे म्हणत.
त्यानं प्लग बदलला. कॉइल बदलली.
कार्बोरेटर खोलून परातीत मांडला,
जेट ओठांत धरून फुंकलं,
हँडल डावी-उजवीकडे वळवत
वायरींचा जुडगा बोटांनी चाचपला.
"कव्हय बंद पडस?"
सांगता येत नाही.
"आते तं चालू शे."
हो, आत्ता चालूच आहे. तेच तर.

धानोऱ्याच्या टपरीवाल्यानं लिंबू-मिरची सुचवली.
लॅबच्या मॅडमनी दुसरा माणूस सुचवला.
मी लिंबू बांधलं.

शेवटी एका शुक्रवारी, नमाजानंतर,
युनूस दुकानाला कुलूप लावून मागे बसला,
मे महिन्याच्या त्या उन्हात, डबा मांडीवर घेऊन.
"रोज करस तसंच कर. मी नुसता दखस."

किनगावच्या अलीकडे, पाटचारीच्या पुलावर, गेली.
मी उतरलो. स्टँड लावलं, किल्ली काढली,
टाकीचं झाकण उघडून आत डोकावलो,
गाडी हलवून पेट्रोलची चुळबुळ ऐकली,
झाकण लावलं. किक मारली. चालू.

"बंद कर," युनूस म्हणाला.
"रोज झाकण उघाडस?"
पेट्रोल आहे का बघतो.
"अन् ऱ्हास?"
असतं.
"तरी दखस?"
यावर मला काही सुचलं नाही.

साकळीच्या आसपास पुन्हा गेली.
"उघाडू नको."
दहा किका मारल्या. पंधरा.
पोटरीत गोळा आला, शर्ट पाठीला चिकटला,
केळीचा ट्रक हॉर्न देत गेला,
ती ढिम्म.
युनूसनं गरम टाकीला कान लावला
आणि तसाच राहून बोट वर केलं:
"आते उघाड."

स्स्स.
इतकुसा आवाज. रडून झोपलेलं मूल
मध्येच श्वास आत ओढतं, तेवढा.
रोज होत असणार.
रोज मी त्याच वेळी शिव्या देत असणार.

झाकण उलटं केलं. एम-सीलचा गोळा,
वाळून दगड झालेला, नेमका भोकावर.
मागच्या श्रावणात टाकीत पाणी शिरलं,
दोन दिवस खाडा पडला,
तेव्हा माझ्याच हातानं लावलेला.
त्यावर अंगठ्याचा ठसा, रेषा न् रेषा,
सातबाऱ्यावर उठावा तसा.

युनूसनं शर्टाची सेफ्टी पिन काढली, टोकरत बसला.
"इले वारा जोयजे भो.
पेट्रोल जास तितला वारा मझार येवाले जोयजे."

आणि कॉइलचे पैसे? मी विचारलं.
"ती बी जुनीच व्हती," म्हणाला,
पिन परत खिशाला अडकवली,
डब्याचं झाकण किलकिलं करून पाहिलं.
बर्फ होता अजून. बोटाएवढा.
"चाल," म्हणाला.